दिवंगत कवीच्या वहीतल्या कविता छापायच्या आहेत? परवानगीचा अर्ज कुठे अडतो ते आधी पाहा

काव्यमंडळाला आपल्या गावच्या कवीच्या वह्यांमधून पुस्तिका काढायची असते. वह्या ग्रंथालयात असतात. मंडळ ग्रंथालयाचं पत्र घेतं, मजकूर टाइप करून घेतं आणि छापखान्यात जायच्या वेळी वारसांची हरकत येते. ग्रंथालयाकडे असतो तो वहीचा ताबा. कवितेचा कॉपीराइट बहुधा वारसांकडे राहतो. त्यामुळे सर्वात आधी दानपत्राची प्रत मागा. त्यात हक्कही दिल्याचं लिहिलेलं नसेल, तर ग्रंथालयाची परवानगी एकटी पुरत नाही.

वह्या नुसत्या पाहायला बहुधा ओळखपत्र, मंडळाचं पत्र आणि दाखल क्रमांक (ग्रंथालयाच्या नोंदवहीतला वहीचा क्रमांक) पुरतो.

सगळ्यात जास्त घोळ मुदतीचा. ‘कवी जाऊन ६० वर्षं झाली, आता सगळं खुलं’ हे फक्त हयातीत प्रकाशित झालेल्या कवितांना लागू आहे, आणि तिथेही मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेल्या कवितांची मुदत २०१६ अखेर संपली. मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या कवितेची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात: बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, संग्रह १९५२ मध्ये आला, मुदत २०१२ अखेर. जी कविता कधी छापलीच नाही, तिची ६० वर्षं अजून सुरूच झालेली नाहीत. मात्र वही सार्वजनिक संस्थेत असेल आणि कवीच्या निधनाला ६० वर्षं उलटली असतील, तर संशोधनासाठी किंवा प्रकाशनाच्या हेतूने तिची प्रत घेता येते. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(पी). अर्जात हे कलम लिहा. खिडकीवर ते क्वचितच कुणाला माहीत असतं.

मग येतो वारसांचा कागद. सातबाऱ्यावरची वारस नोंद जमिनीपुरती असते. सक्सेशन सर्टिफिकेट येणी आणि रोखे यांच्यासाठी असतं. ही दोन्ही जोडून लोक महिनोन्महिने थांबतात, आणि अर्ज घेताना कुणी ते सांगत नाही, याचा राग येतो. मृत्युपत्र असेल तर ते जोडा. ‘माझ्या वह्या अमक्याला’ एवढंच त्यात असलं, तरी कलम २० प्रमाणे त्यातल्या अप्रकाशित कवितांचा हक्कही त्याच माणसाकडे जातो, उलट काही लिहिलेलं नसेल तर. मृत्युपत्र नसेल तर मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. थोरल्या मुलाची सही घेऊन लोक थांबतात, लग्न होऊन गेलेल्या मुली राहून जातात. वारसांमध्ये वाद असेल तर दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला काढावा लागतो.

संमतीपत्रात ‘सर्व साहित्य वापरण्यास हरकत नाही’ असं मोघम लिहू नका. वही क्रमांक, पान, कवितेची पहिली ओळ, किती प्रती, किती वर्षं, छापील की इंटरनेटवरही, हे सगळं हवं. संमती लेखी असावी असं कायदा सांगतो. नोटरी मागितली तर नियम दाखवायला सांगा.

त्याच पुडक्यातली दुसऱ्या कवींनी पाठवलेली पत्रं मात्र वेगळी काढा. पत्राचा हक्क लिहिणाऱ्याचा, म्हणून त्याच्या वारसांची संमती वेगळी. कवितेच्या एखाद्या ओळीवर काट मारून वर दोन पर्यायी शब्द लिहिलेले असतील, तर आपल्या पसंतीचा एक निवडून छापू नका. दोन्ही टिपेत द्या. शुद्धलेखनही गुपचूप सुधारू नका, त्यावरून वारस कलम ५७ खाली हरकत घेऊ शकतात.

नुसतं काव्यवाचन करायचं असेल तर एवढा खटाटोप नाही. प्रकाशित कवितेतला वाजवी भाग जाहीरपणे वाचायला परवानगी लागत नाही. त्याचं चित्रीकरण यूट्यूबवर टाकणार असाल तर मात्र ते संमतीपत्रात आलं पाहिजे.

वारस सापडतच नसतील तर कलम ३१ए खाली कमर्शियल कोर्टात सक्तीचा परवाना, म्हणजे वारसांच्या संमतीशिवाय छापण्याची परवानगी, मागता येतो. त्याआधी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात प्रस्तावाची जाहिरात द्यावी लागते. तीनशे प्रतींच्या पुस्तिकेला हा खर्च झेपत नाही. तेव्हा मुदत संपलेल्या प्रकाशित कविता घ्या आणि वारसांचा शोध चालू ठेवा.