उघड्या त्वचेचं भौतिकशास्त्र

एरंडवण्यातल्या एका लग्नात जेवणं आटोपल्यावर मावससासूबाईंनी मला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "तू घरात तो नाचाचा खांब लावलायस म्हणे. व्यायाम कर गं, कोण नको म्हणतंय? पण त्याला तेवढेसे कपडे कशाला? अंगभर घालून नाही का करता येत?"

नाही करता येत. का ते सांगायला मांडवातली पाच मिनिटं पुरेनात, म्हणून हा लेख.

मी पदवीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. वय ४३. आठ महिन्यांपूर्वी कोथरूडच्या आमच्या घरात, सोफा सरकवून केलेल्या जागेत, ४५ मिलिमीटर व्यासाचा पोलादी पोल उभा राहिला. आठवड्यातून एकदा शिक्षिकेकडे जाते, बाकीचे दिवस घरी सराव. पोल डान्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नाइटक्लब येतो, आणि त्यात खोटं काही नाही. आजच्या पोल डान्समधल्या कितीतरी हालचाली तिथल्या नर्तकींनीच घडवल्या, १९९०च्या दशकात कॅनडा-अमेरिकेत त्या वर्गांमधून शिकवल्या जाऊ लागल्या. त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण या कलेचे पूर्वज सांगताना जगभरचे पोलवाले चिनी खांबकसरतीबरोबर आपल्या मल्लखांबाचंही नाव घेतात. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला नव्याने उभं केलं, तोच हा. मल्लखांबपटू लंगोट किंवा तोकडी चड्डी घालून खांबावर चढतो तेव्हा कुणी त्याला कपड्यांबद्दल विचारत नाही. तोकड्या कपड्यांचं कारण मात्र दोन्हीकडे एकच आहे.

पहिल्याच आठवड्यात मी मुद्दाम एक प्रयोग केला. घोट्यापर्यंतची लेगिंग घालून 'पोल सिट' करून पाहिलं. यात दोन्ही मांड्यांमध्ये पोल आवळून धरायचा आणि हात सोडून बसायचं. मी बसलेच नाही. एका दमात घसरत गादीवर आले. मग लेगिंग मांडीपर्यंत गुंडाळली आणि पुन्हा चढले. तोच पोल, तेच स्नायू, तीच मी. या वेळी चार सेकंद टिकले, मांडी अशी पोळली की डोळ्यांत पाणी आलं, पण घसरले नाही.

थोडा हिशोब करू. सोयीसाठी वजन ६० किलो धरा, म्हणजे खाली ओढणारं बल सुमारे ६०० न्यूटन. वर धरून ठेवणारं बल फक्त घर्षणाचं, आणि ते दोन मांड्यांकडून मिळतं. त्वचा आणि पोलाद यांच्यातला घर्षण गुणांक, म्हणजे दाबाच्या मानाने घर्षण किती मिळतं तो आकडा, उदाहरणापुरता ०.५ धरला, तर प्रत्येक मांडीने पोलवर ६०० न्यूटनने दाबायला हवं, म्हणजे साधारण ६० किलो वजनाइतका दाब. जमण्यासारखं आहे. मध्ये गुळगुळीत कापड आलं आणि गुणांक ०.२ वर उतरला, तर हाच दाब १५०० न्यूटन लागतो, दीडशे किलोंच्या वजनाइतका. हे माझ्याच्याने होणार नाही. उघडी त्वचा हा इथे ब्रेक आहे, आणि ब्रेकवर कुणी अभ्रा चढवत नाही.

आता माझ्या आवडीचा भाग, आणि त्यासाठी शाळेतला एक नियम थोडा मोडावा लागणार आहे. घर्षण हे स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, असं आपण पाठ केलेलं असतं. वीट आडवी ठेवा की उभी, ओढायला सारखंच बल लागतं. फ्रान्सच्या अमोन्तोंने १६९९ साली हे मांडलं. मग पोलची प्रत्येक शिक्षिका "अजून त्वचा टेकव, अजून टेकव" असं का ओरडत असते? मल्लखांबाचे गुरुजीही अढी, म्हणजे खांबाला पायांचा विळखा, घालताना मांडी-पोटरी खांबाला पूर्ण चिकटवायला लावतात. हे सगळे अमोन्तोंच्या विरोधात आहेत का?

वीट आणि फरशी डोळ्यांना सपाट दिसतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली दोघींवर टेकाडं असतात. दोन किसण्या तोंडाला तोंड लावून ठेवल्या तर त्या फक्त दातांच्या टोकांवर टेकतात, तसं हे. खरा स्पर्श दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या अगदी किरकोळ भागात होतो, आणि घर्षण ठरतं ते या खऱ्या स्पर्शावरून. दाब दुप्पट केला की टोकं चेपून खरा स्पर्शही जवळपास दुप्पट होतो. म्हणून घर्षण आणि दाब यांचं गुणोत्तर कायम राहतं, आणि वीट कशी ठेवली याने फरक पडत नाही.

त्वचेचं तसं नाही. ती मऊ आहे, कणकेच्या गोळ्यासारखी. हलकं टेकवलं तरी बराच स्पर्श लगेच मिळतो, पुढे कितीही दाबा, त्या मानाने तो वाढत नाही. मऊ, लवचीक गोळा सपाट पृष्ठभागावर दाबला तर काय होतं याचं गणित जर्मनीच्या हाइनरिख हर्ट्झने १८८२ साली केलं होतं. त्याच्या गणितात दाब आठपट केला की स्पर्शाचं क्षेत्रफळ आठपट न होता चारपट होतं. आता हेच उलटं वाचा. सगळा दाब एका जागी दिला, तर समजा स्पर्श चार चौरस सेंटिमीटर मिळाला. तोच एकूण दाब आठ जागी वाटून दिला, तर प्रत्येक जागी एक चौरस सेंटिमीटर मिळतो, म्हणजे एकूण आठ. स्नायूंचा जोर तितकाच, पकड दुप्पट! खऱ्या त्वचेचा आकडा या आदर्श गोळ्याइतका नेटका नसतो, पण कल त्याच बाजूचा असतो. गुडघ्यामागची खळगी, मांडीचा आतला भाग, बगल, कंबरेची वळी, जिथे जिथे मऊ त्वचा पोलला टेकते तिथे तिथे पकड फुकटात वाढते. हे गणित आकड्यांमुळे जड वाटलं असेल, तर एवढंच धरून ठेवा: माझ्या शरीराचे जे भाग मी वीस वर्षं पदराखाली, ओढणीखाली झाकत आले, ते मऊ आहेत म्हणूनच कामाचे आहेत.

दुसरा खेळ ओलाव्याचा. बँकेतला कॅशिअर नोटा मोजताना बोट ओल्या स्पंजवर टेकवतो, कारण कोरडी त्वचा घसरते. त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांइतकाच जाड असतो. कोरडा असतो तेव्हा तो कडक असतो, पाणी शोषलं की मऊ होतो, पोलच्या बारीक खाचाखोचांत बसतो आणि घर्षण कितीतरी वाढतं. पण पाणी आणखी वाढलं की त्वचा आणि पोलाद यांच्यात पाण्याचा पातळ पडदा तयार होतो, आणि मग ओल्या फरशीवर चप्पल जाते तसा हात जातो. म्हणजे घर्षण आधी चढतं, मग उतरतं, आणि आपल्याला मधल्या टेकडीवर उभं राहायचं असतं.

पुण्यात ही टेकडी ऋतूप्रमाणे सरकते. डिसेंबरच्या सकाळी पोल थंडगार आणि पाय भेगाळलेले, काही केल्या पकड येईना. तेव्हा मी आधी दहा मिनिटं उड्या मारून अंग तापवते, मग पोलला हात लावते. एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की दोरीवरचे कपडे तासाभरात कडक होतात, आणि त्वचाही. जुलैत उलट, दर दोन मिनिटांनी कोरड्या फडक्याने पोल पुसत बसायचं. आणि तेल तर पूर्ण वर्ज्य. एका रविवारी केसांना खोबरेल चोपडून तशीच पोलपाशी गेले, हात नुसता मानेला लागला असेल, पण दुसऱ्याच गिरकीला पोल हातातून निसटला. कोपरावरचा डाग निळा, मग हिरवट, मग पिवळा होत दोन आठवडे राहिला. हे रंग म्हणजे सांडलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन शरीर टप्प्याटप्प्याने मोडत असल्याची खूण. हिरवा बिलिव्हर्डिनचा, पिवळा बिलिरुबिनचा, कावीळ झाल्यावर डोळ्यांत दिसतो तोच.

आता आत्मविश्वासाकडे येते, आणि तो या घर्षणापासून वेगळा नाही. तळहात आणि तळपाय इथे घामाच्या ग्रंथी सर्वांत दाट असतात, आणि त्या उकाड्यापेक्षा मनःस्थितीला जास्त जागतात. तोंडी परीक्षेच्या आधी मुलांचे हात ओले होतात ते यामुळेच. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत मनावरचा ताण मोजायला बोटांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजतात, तीही याच घामावर बदलते. पोलवर याचा एक फास तयार होतो. पडायची भीती वाटते, तळहात घामेजतात, पाण्याचा पडदा येतो, हात सरकतो, भीती वाढते. पहिले दोन महिने मी याच फासात होते. मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड लावून तो थोडा सैल झाला. तो सुटला मात्र भीती कमी झाल्यावर. खाली जाड गादी आहे, उतरायचं कसं ते माहीत आहे, हे अंगवळणी पडलं आणि हात कोरडे राहू लागले. मनातला विश्वास वाढला की घर्षण गुणांक खरोखर बदलतो, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

मग तोकड्या कपड्यांनी विश्वास वाढतो का? नुसत्या कपड्यांनी नाही, उलट होऊ शकतं. १९९७ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेडरिकसन आणि टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स यांनी मांडलं की बायका लहानपणापासून स्वतःला बघणाऱ्याच्या नजरेतून बघायला शिकतात, आणि या सततच्या पहाऱ्यात लक्ष खर्ची पडतं. पुढच्या वर्षीच्या एका प्रयोगात विद्यार्थिनींना एकट्याने, आरशासमोर, कुणाला स्विमसूट तर कुणाला स्वेटर घालून गणितं सोडवायला दिली. स्विमसूटमधल्या मुलींना कमी गणितं आली. खोलीत बघणारं कुणीही नव्हतं! मला पहिल्या दिवशी अगदी हेच झालं. घरात एकटीच होते, तरी सगळं लक्ष मांडीवरच्या पांढऱ्या रेघांकडे.

फरक पडला तो मांडीला काम मिळाल्यावर. पोल सिट टिकवताना मांडी कशी दिसते याचा विचार करायला मेंदूत जागाच उरत नाही, ती किती दाबतेय एवढंच कळतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली 'मला हे जमेल' या भावनेचे स्रोत मांडले, त्यात स्वतः करून जमलेल्या गोष्टीला सर्वांत वरचं स्थान दिलं. व्यायामाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची असते. स्नायू फुगायच्या आधी मेंदू असलेल्या स्नायूंतले जास्त तंतू एका वेळी कामाला लावायला शिकतो. म्हणजे आरशात काहीही बदललेलं नसताना चार सेकंदांचे वीस झालेले असतात. शरीर दिसायला तेच आणि करायला वेगळं, हा अनुभव इतक्या उघडपणे मला आधी कधी मिळाला नव्हता. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हौसेने पोल शिकणाऱ्या स्त्रियांची विद्यार्थिनींशी तुलना केली. पोलवाल्या स्वतःच्या शरीराकडे जास्त आपुलकीने बघत होत्या, आणि त्याचा संबंध शरीर आतून अनुभवण्याशी दिसला. अर्थात ही एका वेळची पाहणी. मुळातच स्वतःवर खूश असणाऱ्या बायका पोलकडे जास्त वळत असतील, ही शक्यता त्यातून जात नाही.

म्हणून "पोल करा, तीस दिवसांत शरीराच्या प्रेमात पडा, पोट गायब" अशा जाहिरातींवर एक रुपयाही घालवू नका. आणि दुसऱ्या टोकाचं, "उलटं लटकलं की बाईचं गर्भाशय सरकतं" हे माझ्या आजीपासून ऐकत आले, तेही सोडून द्या. गर्भाशय अस्थिबंधांनी आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंनी जागच्या जागी धरलेलं असतं, घडीभर उलटं झाल्याने ते कुठे जात नाही. उलटं होणं खरोखर टाळावं ते काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांनी, आणि ही खबरदारी पुरुषांनाही तितकीच लागू आहे.

घरी लावणार असाल तर एक गोष्ट नीट पाहा. बहुतेक घरगुती पोलना स्क्रू नसतात. ते जमीन आणि छत यांच्यात ताणून बसवलेले असतात, म्हणजे तेही दाबावर आणि घर्षणावरच उभे. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला हा दाब पेलत नाही, वर काँक्रीटचा स्लॅब किंवा बीमच हवा. इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. पाणसळ लावून पोल ओळंब्यात आहे का ते बघा, दर वेळी चढण्याआधी हलवून बघा. आणि डोकं खाली जाणारी कुठलीही कसरत शिक्षिकेसमोर पक्की झाल्याशिवाय घरी करू नका. एकटीने तर नाहीच.

गेल्या रविवारी मावससासूबाई घरी आल्या होत्या. चहा झाल्यावर उठून पोलपाशी गेल्या, तळहात वर-खाली फिरवून पाहिला. त्यांचे थोरले भाऊ तालमीत मल्लखांब करायचे. म्हणाल्या, "एरंडेल नाही का लावत गं याला? दादा तर लावायचा."

"तो लाकडाचा ना मावशी, आणि चांगला जाड. लाकूड अंग सोलतं, म्हणून तिथे घर्षण कमी करायला एरंडेल. हा पोलाद आहे, मुळातच गुळगुळीत. याला तेल लावलं तर मी थेट खाली."

त्यांनी पोल मुठीत घट्ट धरला, मग साडीच्या पदरातून धरून पाहिला. पदर सरकला. पुन्हा उघड्या हाताने धरला आणि जरा मागे झुकून आपलं वजन त्यावर टाकलं.

"अगं, धरतो की हा," त्या म्हणाल्या.