मुंबई–लंडन : तास किती आणि तारीख कोणती?

(आमच्याकडे तिकीट किंवा पुणे–मुंबई विमानतळ गाडी बुक करणाऱ्यांसाठी)

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. विमान ताशी नऊशेने जातं, म्हणजे आठ तास. मग तिकिटावर साडेनऊ-दहा कसे? विमान सरळ रेषेत जात नाही. बंद असलेल्या हवाई हद्दी टाळाव्या लागतात. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना हद्द बंद केली, त्याचा वळसा दिल्लीकरांना जास्त पडला, मुंबईकरांना कमी. शिवाय तिकिटावरचा वेळ विमान जागचं हलल्यापासून तिकडे जागेवर लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीसाठीची रांग आणि हीथ्रोवरच्या घिरट्या त्यातच आल्या. वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना वेळ जास्त आणि येताना साधारण तासभर कमी.

तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी करू नका. प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. दुपारी १ ला निघून संध्याकाळी ६ ला लंडन, म्हणजे पाच तास नव्हे. तिकडच्या उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं, म्हणून त्यात साडेचार तास मिळवा, झाले साडेनऊ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेपाच मिळवायचे. येताना तेवढेच वजा करा.

आता खरी अडचण तारखेची. तिकिटावर ‘१६ तारीख, ०१:३०’ असेल, तर ते विमान १५ तारखेच्या रात्रीचं. १६ ला दिवसभर बॅगा भरून संध्याकाळी फोन येतो, तेव्हा विमान कधीच लंडनला उतरलेलं असतं. पैसे तर जातातच, नवीन तिकीटही त्या दिवसाच्या भावाने घ्यावं लागतं. म्हणून उलटं मोजा : ०१:३० ला उड्डाण, तीन तास आधी विमानतळावर म्हणजे रात्री साडेदहा, पुण्याहून चार तास म्हणजे साडेसहा, घाटातल्या कोंडीसाठी एक तास धरला की गाडी १५ तारखेला संध्याकाळी साडेपाचला दारात. ‘एवढ्या लवकर कशाला?’ असं पुष्कळजण म्हणतात. पण बहुतेक कंपन्यांचे काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतात, आणि खंडाळ्यात अडकल्याचं कारण तिथे चालत नाही.

परतीच्या गाडीला हीच चूक उलटी होते. लंडनहून १५ ला रात्री ८:३० ला निघालेलं विमान मुंबईत १६ ला सकाळी १० ला उतरतं. नातेवाईक सांगतात, ‘आई १५ ला निघतेय’, आणि गाडी १५ ची बुक होते. गाडीसाठी आम्हाला उतरण्याची तारीख हवी, निघण्याची नव्हे. त्यामुळेच आम्ही तोंडी वेळेवर गाडी लावत नाही, तिकिटाची प्रत मागतो. काहींना हा आगाऊपणा वाटतो, वाटू दे.

प्रत मिळाली की पुढचं आमच्याकडे. विमान क्रमांकावरून उशीर आम्हीच बघतो, इमिग्रेशन आणि सामानासाठी तास-दीड तास धरून चालक पाठवतो, आणि उशीर विमानाचा असेल तर थांबण्याचं भाडं लावत नाही. दुबई किंवा दोहामार्गे जाणार असाल तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर आहेत ना, हे पैसे भरण्याआधी आमच्याकडून बघून घ्या. स्वतंत्र तिकिटं स्वस्त दिसतात, पण पहिलं विमान रखडलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही.