बैल बडवणं आणि पुरुष नसबंदी : दोन्हींत नेमकं काय होतं

"नसबंदी केली की गड्याचा जोर जातो." कर्नाटकातल्या खानापूर, निपाणी, चिकोडी या मराठी बोलणाऱ्या भागात हे वाक्य आजही अगदी खात्रीनं बोललं जातं. बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा गोठा असतो. उधळणारा खोंड बडवला, म्हणजे त्याचे वृषण निकामी केले, की गरीब होतो, हे आपण लहानपणापासून बघत आलोय. मग माणसाचंही तसंच होणार, असं मनात बसतं. या समजाला शरीरशास्त्राचा काडीचाही आधार नाही, आणि त्याची किंमत मात्र घरातली बाई मोजते.

आधी बैलाचं बघू. पूर्वी खोंडाचे वृषण ठेचून त्याला बडवायचे. आता पशुवैद्य बर्डिझो नावाचा लांब दांड्यांचा चिमटा लावतात. कातडी फाटत नाही, पण आत वृषणाकडे जाणारा दोर चिरडला जातो. त्या दोरातच रक्तवाहिन्या असतात. रक्त पोचायचं थांबलं की वृषण आकसत जातं आणि निकामी होतं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तयार होण्याची मुख्य जागा म्हणजे वृषण. ती जागाच गेली की माज ओसरतो. आणि एवढं होऊनही उसानं भरलेली गाडी ओढतो तो हाच बडवलेला बैल! जोर गेला म्हणायचं तर तिथंही जपूनच म्हणायला हवं.

नसबंदीत वृषण काढत नाहीत, ठेचत नाहीत, त्याचं रक्तही तोडत नाहीत. त्याच दोरात दोन्ही बाजूंना एकेक बारीक, हाताला टणक लागणारी नळी असते, ती शुक्रवाहिनी. वृषणात तयार झालेले शुक्रजंतू तिच्यातून पुढं जातात. डॉक्टर जागा बधिर करणारं इंजेक्शन देतात, अंडकोशाच्या कातडीला टोकदार चिमट्यानं बारीक छिद्र पाडतात, नळी बाहेर घेतात, तिचा छोटा तुकडा कापून टोकं बांधतात. मग दुसरी बाजू. ही बिनटाक्याची पद्धत चीनमधल्या ली शुनचियांग या डॉक्टरांनी १९७४ साली काढली. पंधरा-वीस मिनिटांचं काम, आणि माणूस त्याच दिवशी घरी.

टेस्टोस्टेरॉन या नळीतून जातच नाही. ते वृषणातून थेट रक्तात मिसळतं आणि नसबंदीनंतरही तसंच मिसळत राहतं. म्हणून दाढी-मिशी, आवाज, इच्छा, ताठरता, अंगातली ताकद, काहीच उणं होत नाही. वीर्यही येतं, कारण त्यातला बहुतेक द्रव वरच्या ग्रंथींमधून येतो. शुक्रजंतूंचा वाटा इतका थोडा की फरक डोळ्यांना दिसत नाही. अडलेले शुक्रजंतू शरीर आपोआप जिरवतं.

तरी आशाताई दारात आल्या की सासूबाईंचं उत्तर तयार असतं, "त्याला रानात राबायचंय, तिचंच करून टाका." ती काय रानात राबत नाही? भांगलण कोण करतं, वैरणीचा भारा कुणाच्या डोक्यावर असतो? बाईच्या ऑपरेशनात तर पोट उघडून, नाहीतर दुर्बीण घालून आत जावं लागतं. धोका आणि दुखणं पुरुषापेक्षा जास्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात ३७.९ टक्के जोडप्यांत बाईची नसबंदी झालेली होती, पुरुषाची ०.३ टक्के.

भीतीला दुसरंही एक मूळ आहे, आणि ते खोटं नाही. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यातल्या बहुतांश पुरुषांच्या आणि कित्येक बळजबरीनं. ती आठवण घराघरांत उरली आहे. आज तुमच्या संमतीशिवाय कुणालाही हे करता येत नाही. आपल्या भागात सरकारी कागद बहुधा कानडीत असतात. कानडी वाचता येत नसेल तर संमतीपत्र मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. तो तुमचा हक्क आहे.

करायचं ठरलंच तर ते कायमचं समजूनच करा. नळी पुन्हा जोडता येते, पण मूल होईलच याची खात्री नसते. मन अजून दोलायमान असेल तर निरोध वापरा. गुप्तरोगांपासून संरक्षण निरोधच देतो, नसबंदी देत नाही.

ऑपरेशननंतर दोन दिवस आराम, घट्ट लंगोट किंवा आधार देणारी चड्डी, आणि आठवडाभर पोती उचलणं, सायकल मारणं बंद. थोडी सूज, ठणका येतो नि जातो. ताप आला, पू दिसला किंवा सूज वाढत गेली तर लगेच दवाखाना गाठा. सगळ्यात मोठी चूक पुढं होते. नळीच्या वरच्या भागात आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात, त्यामुळे पहिले तीन महिने दिवस राहू शकतात. तेवढ्यात बायकोला दिवस गेले की घरात नको तो संशय शिरतो आणि बिचारीचा छळ होतो. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं, आणि शुक्रजंतू नाहीत असा अहवाल हातात आल्यावरच निरोध सोडायचा.