बोटवाला तुम्हाला पुढं सरकायला का सांगतो

पानशेतला स्पीड बोटीत बसलेल्या पुणेकरांनी हे ऐकलेलं असणार. सगळे बसून झाले की बोटवाला एकदा नजर फिरवतो आणि म्हणतो, काका तुम्ही जरा पुढं या, ताई तुम्ही त्या साइडला बसा. बोट कलंडू नये म्हणून सांगतोय असं आपल्याला वाटतं. ते कारण आहेच, पण लहान मोटारबोट किती पळणार हेही त्या सरकण्यावर ठरतं, आणि तेही चांगलंच ठरतं.

हळू जाताना बोट पाणी बाजूला सारत जाते आणि स्वतःचीच लाट उठवते. वेग वाढतो तशी ही लाट लांब होत जाते. साडेचार मीटरची बोट धरली तर ताशी साधारण साडेनऊ किलोमीटरला लाट बोटीएवढी लांब होते, त्याच्या पुढं थ्रॉटल दिला की मागचा भाग लाटेच्या खोलगटात बसतो, नाक वर उठतं आणि बोट स्वतःच्याच लाटेचा चढ चढायला लागते. लाटेचं आणि लांबीचं हे नातं विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरने 1870 च्या दशकात इंग्लंडमध्ये छोटी मॉडेल्स टाकीत ओढून नीट मांडलं. जड जहाज हा चढ कधीच ओलांडत नाही. आपली छोटी बोट मात्र ताकद पुरली तर तो ओलांडते, पाण्यावर उचलली जाते आणि पृष्ठभागावरून घसरत पळते, यालाच प्लेनिंग म्हणतात.

एकदा प्लेनिंग सुरू झालं की सगळा खेळ कोनाचा. बोटीचा तळ पाण्याशी थोडा तिरका असतो म्हणून पाणी तिला वर ढकलतं, पण तिरका आहे म्हणूनच थोडं मागंही ढकलतं. माणसं, इंजिन, पेट्रोल धरून बोट 500 किलोची असेल आणि कोन 4 अंश असेल तर हा मागचा रेटा सुमारे 35 किलो वजनाइतका होतो, कोन 6 अंश झाला की तोच 52 किलोच्या पुढं. मग कोन 2 अंशच ठेवला तर? रेटा निम्मा होतो खरा, पण तळाचा बराच जास्त भाग पाण्याला टेकतो आणि पाण्याचं घर्षण सगळा फायदा खाऊन टाकतं. म्हणून बहुतेक बोटींना 3 ते 5 अंशांच्या आसपास बरं पडतं. डॅनियल सॅवित्स्की या अमेरिकन संशोधकाने 1964 मध्ये याची सूत्रं दिली, ती आजही वापरतात.

आता हा कोन ठरवतं कोण, तर मुख्यतः वजन कुठं आहे ते. 70 किलोचा माणूस मागच्या सीटवरून दोन मीटर पुढं आला की 500 किलोच्या बोटीचा गुरुत्वमध्य 28 सेंटीमीटर पुढं सरकतो, साडेचार मीटरच्या बोटीला हे खूप झालं.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ही वाटते की वजनाची योग्य जागा एकच नसते. सुरुवातीचा चढ ओलांडताना वजन पुढं हवं, नाहीतर भरलेली बोट नाक आभाळात करून इंजिन ओरडत बसते आणि पुढं काही जात नाही. एकदा पळायला लागली की वजन थोडं मागं असलेलं चांगलं, तळ कमी भिजतो. पण फार मागं गेलं की नाक वर-खाली आपटायला लागतं, आधी हळू आणि मग जोरात, आणि अशा वेळी थ्रॉटल कमी करणं हाच पहिला उपाय. फार पुढं गेलं तर नाक पाण्यात रुततं, वळताना बोट अचानक भलतीकडं ओढली जाते.

बाजूचं वजनही तितकंच महत्त्वाचं. मागून बघितल्यावर इंजिनचा पाण्यातला पंखा सहसा घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्याच्या प्रतिक्रियेने बोट डावीकडं कलते, पुष्कळ छोट्या बोटींत ड्रायव्हर उजवीकडं बसवतात त्यामागं हेही एक कारण आहे. आणि तळात साचलेलं पाणी, ते आधी काढा. 40 लिटर म्हणजे 40 किलो, आणि हे वजन एका जागी बसत नाही, नाक उठलं की सगळं मागं धावतं, म्हणजे नको तिथंच.

वजन लागलं की मग इंजिन. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून लावलेलं इंजिन, थोडं वर बसवलं तर त्याचा पाण्यातला खालचा भाग कमी बुडतो आणि अडथळा घटतो, जास्त वर घेतलं तर पंखा हवा ओढतो, आरपीएम एकदम चढतो आणि बोट ढिली पडते. पंख्याच्या जरा वर जी आडवी प्लेट असते ती तळाच्या रेषेत धरून सुरुवात करायची आणि तिथून थोडं थोडं वर घ्यायचं. इंजिनचा तिरकेपणा बोटीच्या आत घेतला की नाक खाली, बाहेर काढला की वर. एका वेळी एकच गोष्ट बदला, पेट्रोल आणि माणसं तेवढीच ठेवा, मोबाइलच्या जीपीएसवर जाताना आणि येताना दोन्हीकडून वेग बघा, नाहीतर वाऱ्याने मिळालेला स्पीड आपण सेटिंगच्या नावावर लिहून टाकतो.

किनाऱ्यावरून बोट आणून आपल्या धरणात सोडणाऱ्यांना अजून एक गोष्ट लागू होते. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा अडीच टक्के हलकं, त्यामुळे बोट जरा जास्त बुडते. शिवाय आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहोत, हवा विरळ, आणि टर्बो नसलेल्या साध्या इंजिनची ताकद दर शंभर मीटरला साधारण एक टक्का घटते. तिकडं 13 इंच पिचचा (पिच म्हणजे एका फेरीत पंखा घसरला नाही तर किती पुढं जाईल ते अंतर) पंखा बरोबर चालत असेल तर इथं पूर्ण थ्रॉटलला आरपीएम कंपनीने दिलेल्या रेंजच्या खाली राहू शकतो, तेव्हा एक इंच कमी पिचचा लावून बघा, आरपीएम दीड-दोनशेने वर येतो आणि भरलेली बोट तो चढ लवकर पार करते.