चौलला जिंकले, दीवला हरले : अरबी समुद्राच्या परवान्याची गोष्ट

रेवदंड्याहून साळावच्या पुलावर आलं की उजव्या हाताला कुंडलिकेच्या खाडीचं मुख दिसतं आणि पलीकडे कोर्लईच्या किल्ल्याचा डोंगर. त्या डोंगराखालच्या गावात काही घरांतून आजही पोर्तुगीजमिश्रित बोली बोलली जाते. ती तिथे कशी रुजली हे शोधत मागे जावं, तर याच खाडीत मार्च १५०८ मध्ये झालेल्या एका लढाईपाशी येऊन थांबावं लागतं. ती लढाई पोर्तुगीज हरले होते. त्यांना हरवणाऱ्यांनी पुढचे दहा-अकरा महिने काय केलं, किंवा खरं तर काय केलं नाही, त्यावर अरबी समुद्राचं पुढचं शतक ठरलं.

भांडण मिऱ्याचं होतं. मलबारची मिरी तांबड्या समुद्रातून कैरोला, तिथून अलेक्झांड्रियाला आणि मग व्हेनिसच्या व्यापाऱ्यांकडे जाई. या वाटेवरच्या जकातीवर इजिप्तच्या मामलुक सुलतानाचा खजिना भरत असे. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि युरोपला जाणारी दुसरी वाट उघडली. पोर्तुगीज नुसते व्यापार करून थांबले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. पण त्यांनी जुन्या वाटेवरची जहाजं लुटायला आणि बुडवायला सुरुवात केली. कालिकतचा राजा सामुद्री आणि गुजरातचा सुलतान महमूद बेगडा, दोघांनाही त्याची झळ बसली. इजिप्तच्या सुलतानाने सुएझला गलबतं बांधून घेतली. त्या वाळवंटी किनाऱ्यावर जहाजाजोगं लाकूड नाही, ते भूमध्य समुद्रापलीकडून आणावं लागलं. हे आरमार अमीर हुसेन याच्या हाताखाली गुजरातच्या सुलतानाच्या दीव बंदरात आलं. दीवचा कारभारी होता मलिक अय्याज, गुलाम म्हणून आलेला आणि स्वतःच्या हुशारीवर बंदराचा धनी झालेला माणूस.

कुंडलिकेच्या याच खाडीवरचं चौल तेव्हा निजामशाहीचं भरभराटीचं बंदर होतं. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेइदा याचा तरुण मुलगा लोरेन्सो कोचीनच्या व्यापारी जहाजांना सोबत करत तिथे आला होता. समुद्रावरून येणारी उंच शिडं त्याला आपल्याच लोकांची वाटली, कारण हुसेनची मोठी जहाजं भूमध्य समुद्राच्या घडणीची होती. पहिल्या झुंजीत कुणाचंच पारडं जड झालं नाही. मग मलिक अय्याज आपल्या हलक्या, वेगवान होड्या घेऊन उतरला. लोरेन्सोने खाडीबाहेर निघायचं ठरवलं, पण त्याचं जहाज मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकलं. तोफेच्या गोळ्याने पाय गेल्यावर त्याने स्वतःला डोलकाठीशी बसवून घेतलं आणि तिथूनच लढाई चालवली, असं पोर्तुगीज बखरकार सांगतात. तो तिथेच मारला गेला. ते खुंट रोवणाऱ्या कोळ्यांची नावं कुठल्याच कागदात नाहीत, याची मला नेहमी हळहळ वाटते.

या विजयानंतर जिंकलेल्यांनी पोर्तुगिजांचं ठाणं असलेल्या कोचीनवर चालून जायला हवं होतं, असं आज आपण म्हणू शकतो. पुढे पावसाळा होता, समुद्र बंद होणार होता, ही अडचण खरी. पण पाऊस सरल्यावरही हुसेन दीवच्या धक्क्यालाच राहिला. अय्याजला पाहुण्यांचं ओझं वाटू लागलं होतं आणि आल्मेइदाच्या सूडाचं भयही. चौलला पकडलेल्या पोर्तुगिजांना त्याने चांगलं वागवलं, आल्मेइदाशी पत्रव्यवहारही ठेवला. एका गोटातल्या दोन सरदारांचे हेतूच जुळत नव्हते.

आल्मेइदा मात्र पेटला होता. त्याच्या जागी नेमलेला आल्बुकर्क येऊन उभा होता, तरी मुलाचा सूड घेतल्याशिवाय त्याने अधिकार सोडला नाही. सुमारे १८ जहाजं घेऊन तो उत्तरेला निघाला आणि १५०८ च्या डिसेंबरअखेर वाटेतल्या दाभोळवर तुटून पडला. चौलच्या लढाईशी दाभोळचा काही संबंध नव्हता. तरी ते आदिलशाही बंदर जाळलं गेलं, बायका-मुलांचीही कत्तल झाली. आरमारी इतिहासात ही घटना एका ओळीत उरकली जाते. तसं होऊ नये. ज्याच्याकडे समुद्र असतो तो किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावाला, कुठल्याही रात्री गाठू शकतो, हे दाभोळने सोसून पाहिलं.

फेब्रुवारी १५०९ च्या सुरुवातीला दीवची लढाई झाली आणि एका दिवसात संपली. हुसेनने किल्ल्याच्या तोफांच्या आश्रयाने जहाजं बंदरातच नांगरून ठेवली होती. त्यामुळे कुठे आणि केव्हा भिडायचं हे पोर्तुगिजांच्या हाती गेलं. खिळे ठोकून बांधलेल्या, जाड फळ्यांच्या त्यांच्या जहाजांवर जड तोफा होत्या. कालिकतहून आलेल्या होड्या वेगात कमी नव्हत्या, पण काथ्याने शिवलेल्या होड्यांचा त्या माऱ्यापुढे निभाव लागणं अवघड होतं. मामलुक शिपाई तलवार आणि धनुष्यात तरबेज होते. पण जहाजावरून तोफ चालवणं हे वेगळंच कसब. हुसेन निसटला, अय्याजने कैदी परत देऊन तह केला. आल्मेइदाने परतीच्या वाटेवर, दीवला पकडलेल्या कैद्यांना हालहाल करून मारलं.

या पराभवात गुजरातने जमिनीवरचं एक गावही गमावलं नाही. बेगड्याची फौज, निजामशाही, आदिलशाही, सगळं जिथल्या तिथे होतं. पण पोर्तुगिजांना समुद्रावर आव्हान देणारं मोठं आरमार उरलं नाही. १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का आणि १५१५ मध्ये होर्मुझ त्यांच्या हाती गेलं. चौललाही त्यांनी बस्तान बसवलं. त्यांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना आता खरोखर चालू लागला. तो नसेल तर जहाज आणि माल जप्त. १५७५ मध्ये हजला निघालेल्या गुलबदन बेगमला, म्हणजे खुद्द अकबराच्या आत्याला, या परवान्यापायी सुरतेला जवळजवळ वर्षभर खोळंबावं लागलं. ज्याच्या फौजेपुढे उत्तर हिंदुस्थान वाकत होता, त्याच्या घरच्या बाईला आपल्याच बंदरात ताटकळावं लागलं.

शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीला गलबतं बांधायला घेतली ती या पार्श्वभूमीवर, दीवनंतर दीडशे वर्षांनी. कामावर काही पोर्तुगीज कारागीर होते. पोर्तुगीज अधिकाऱ्यांना हे कळताच त्यांनी त्यांना तिथून काढून नेलं. पुढे कान्होजी आंग्र्यांनी व्यापारी जहाजांनी आपला दस्तक घ्यावा, असा आग्रह धरला. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांना परवाना द्यायचा हक्क आपला, हीच त्यामागची भूमिका होती. इंग्रजांनी त्याला चाचेगिरी म्हटलं. १७२१ मध्ये कान्होजींना मोडायला इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. तो कुलाबा आणि लोरेन्सो पडला ती खाडी, यांत पुरतं वीस किलोमीटरचंही अंतर नाही.