सोनं शोधायला येताय? निघण्याआधी एवढं वाचा

मेलबर्नहून आम्ही नेतो त्या दोन मुक्कामांच्या सोनेशोध शिबिरासाठी ज्यांनी नाव नोंदवलं आहे, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. नोंदवावं की नाही या विचारात असलेल्यांनीही वाचावं, म्हणजे ठरवणं सोपं जाईल. शुक्रवारी संध्याकाळी निघून आपण मेरीबरो-डनॉलीच्या बाजूला जातो. गाडीने साधारण सव्वादोन ते अडीच तासांचा रस्ता आहे. रविवारी दुपारी तंबू आवरून परत. मुक्काम सरकारी जंगलात असतो, हॉटेलात नाही.

सोनं सापडेल का?

फोनवर पहिला प्रश्न हाच येतो, म्हणून उत्तरही आधीच देतो. हमी नाही. नवख्या माणसाला दोन दिवसांत शिशाच्या गोळ्या, बुटांचे खिळे आणि पेयांच्या डब्यांच्या कड्या हमखास मिळतात. ज्यांना सोनं मिळतं त्यांनाही बहुतेक वेळा गुंज-दोन गुंजांचा दाणा मिळतो. आपल्याकडच्या जुन्या मापाने गुंज म्हणजे ग्रॅमचा आठवा हिस्सा. सहलीचा खर्च सोन्यातून भरून निघेल या हिशेबाने कोणी येत असेल, तर आम्ही त्यांना थांबवतो.

तरीही याच भागात यायचं, याला कारण आहे. व्हिक्टोरियाच्या मध्यभागातल्या या पट्ट्याला इथले लोक ‘गोल्डन ट्रँगल’ म्हणतात. इथलं सोनं मुळात गारगोटीच्या शिरांमध्ये होतं. लाखो वर्षांच्या ऊनपावसात त्या शिरा झिजल्या आणि सुटलेलं सोनं उतारावरच्या मातीत अडकून राहिलं, कितीतरी ठिकाणी अगदी वरच्या थरात. ५ फेब्रुवारी १८६९ रोजी मोलियागूलला जॉन डीसन एका झाडाच्या मुळांभोवतीची माती मोकळी करत होता, तेव्हा त्याची कुदळ खणकन अडली. जमिनीखाली जेमतेम तीन सेंटिमीटरवर ‘वेलकम स्ट्रेंजर’ नावाने पुढे ओळखला गेलेला सोन्याचा गोळा होता. त्यातून सत्तर किलोच्या वर शुद्ध सोनं निघालं. डनॉलीत त्याला तोलणारा काटाच नव्हता, म्हणून लोहाराच्या ऐरणीवर त्याचे तुकडे करावे लागले. आणि हे सगळं काही दीडशे वर्षांपूर्वी संपलं असंही नाही. १९८० साली किंगोवरजवळ केविन हिलियर यांना मेटल डिटेक्टरवर २७ किलोचा ‘हँड ऑफ फेथ’ मिळाला, तोही वरच्याच मातीत. जुने खाणकरी ओहोळ आणि घळी उकरत गेले, मधली उथळ जमीन त्यांनी पुष्कळदा तशीच सोडली. आपण शोधतो ती तीच जमीन.

परवाना

‘मायनर्स राइट’ या सरकारी परवान्याशिवाय आम्ही कोणालाही सोबत घेत नाही. तो ऑनलाइन मिळतो, शुल्क किरकोळ आहे आणि दहा वर्षं चालतो. प्रत्येक प्रौढ माणसाकडे स्वतःचा हवा, नवरा-बायकोत एक चालत नाही. मुलांना भेटायला भारतातून आलेल्या आई-बाबांनाही काढता येतो, आणि ते हौसेने काढतातही.

या कागदामागचा इतिहास ठाऊक असावा असं आम्हाला मनापासून वाटतं. १८५१ मध्ये सोनं सापडल्यावर सरकारने खाणकऱ्यांवर महिना तीस शिलिंगांचं लायसन्स लादलं. सोनं मिळो न मिळो, पैसे भरायचेच. शिपाई येऊन लायसन्स तपासायचे, नसेल त्याला धरून न्यायचे. शेवटी बॅलरॅटचे खाणकरी उठले. ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे त्यांच्या युरेका इथल्या मोर्चेबंदीवर सैन्य चालून गेलं आणि वीसहून जास्त खाणकरी मेले. पुढच्याच वर्षी ते जाचक लायसन्स गेलं, वर्षाला एक पौंडाचा मायनर्स राइट आला आणि त्यासोबत मतदानाचा हक्कही. आज खिशातून जो कागद तुम्ही सहज काढून दाखवता, तो असा मिळालेला आहे.

कुठे चालतं, कुठे नाही

परवाना आहे म्हणून कुठेही खणता येत नाही. राष्ट्रीय उद्यानांत, काही आखून दिलेले भाग सोडले तर, मनाई आहे. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी लागते. खाणपट्टा दिलेल्या जमिनीत पट्टाधारकाला विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. प्रत्येक शिबिराआधी आम्ही सरकारी नकाशा नव्याने तपासतो आणि त्याची छापील प्रत तुमच्या हातात देतो. त्यावर आखलेल्या हद्दीबाहेर जायचं नाही.

परवाना खनिजांचा आहे, जुन्या वस्तूंचा नाही. पडक्या घरांचे चौथरे, जुन्या गिरण्यांचे अवशेष अशा संरक्षित जागी डिटेक्टर फिरवणं गुन्हा आहे. आणि ही जमीन खाणकऱ्यांच्या फार आधीपासून इथल्या मूळनिवासी जा जा वुरंग लोकांची आहे. साल काढल्याची जुनी खूण असलेलं झाड किंवा दगडी हत्यारांच्या कपच्या दिसल्या तर त्यांना हात न लावता थांबायचं आणि आम्हाला हाक मारायची. त्याला कायद्याचं संरक्षण आहे, पण कायदा नसता तरी आम्ही हेच सांगितलं असतं.

यंत्र आणि कान

दोघांत एक डिटेक्टर आम्ही देतो. इथल्या मातीत लोह फार आहे, त्यामुळे समुद्रकिनाऱ्यावर नाणी शोधायचं साधं यंत्र इथे सारखं कोकलत राहतं. म्हणून पल्स इंडक्शन पद्धतीची यंत्रं वापरतो. स्वतःचं यंत्र असेल तर जरूर आणा, पण कोणतं आहे ते आधी कळवा.

हेडफोनमध्ये एक बारीक, सलग सूर चालू असतो. त्या सुरावर लक्ष ठेवायचं. खाली धातू असेल तर सूर चढतो-उतरतो. खोलवरचा किंवा बारीक दाणा असेल तर सूर फक्त किंचित हलतो, आणि घाईत असलेल्या माणसाला हे ऐकूच येत नाही. कॉइल, म्हणजे यंत्राच्या खालच्या टोकाची चकती, जमिनीला जवळजवळ टेकवून, सावकाश, आधीच्या फेरीवर अर्धी फेरी येईल अशी फिरवायची. एका खोलीएवढ्या जागेला अर्धा तास लागला तर तुमचं बरोबर चाललं आहे.

सूर हलला की पायाने वरचा पालापाचोळा बाजूला करा आणि पुन्हा ऐका. आवाज पाल्याबरोबर सरकला तर वरचाच कचरा होता. तिथेच राहिला तर छोट्या कुदळीने थर काढा. कुदळीला लोहचुंबक बसवलेलं असतं, खिळा असेल तर तो त्यालाच येऊन चिकटतो. नसेल तर मूठभर माती प्लॅस्टिकच्या डावात घेऊन कॉइलवरून फिरवा. आवाज आला तर अर्धी माती दुसऱ्या हातात ओता, पुन्हा फिरवा. ज्या अर्ध्यात आवाज आहे ती ठेवायची, उरलेली टाकायची. असं करत डावात चमचाभर माती उरते, मग चिमूटभर, आणि शेवटी कॉइलवर टपकन पडणारा एक जड दाणा. बहुतेक वेळा तो करडा असतो, म्हणजे शिसं. पिवळा असेल तर ओल्या मातीतसुद्धा तो लपत नाही.

शिसं आणि सोनं यांचा आवाज सारखाच असतो. हा कचराच असणार असं म्हणून आवाज सोडणाऱ्याच्या हातून सोनंही सुटतं. म्हणून आम्ही प्रत्येक आवाज खणायला लावतो.

बुटाच्या टोकाशी पोलाद नको. घड्याळ आणि पट्ट्याचं मोठं बक्कल तंबूत ठेवा. मोबाइल विमान मोडवर.

पॅनिंग

शनिवारी दुपारी गुडघे थकलेल्यांसाठी हे ठेवलं आहे, आणि मुलांना हेच सर्वांत आवडतं. या भागातले ओढे वर्षातला बराच काळ कोरडे असतात, म्हणून तंबूजवळच पाण्याचे टब ठेवतो. सोनं पाण्याच्या १९ पट जड, गारगोटी जेमतेम अडीच पट, काळी लोहवाळू पाचपट. म्हणून पसरट पॅन पाण्यात हलवत गेलं की सोनं तळाशी बसतं आणि बाकी वरून वाहून जातं. सराफ बाजारात सोनारांच्या दुकानांतला केर धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे हात लगेच ओळखू येतील.

चमकणारं काही दिसलं की सुईने दाबून बघा. चुरा झाला तर पायराइट, चपटं झालं तर सोनं. पॅन सावलीत धरा: अभ्रक सावलीत विझतं, सोनं पिवळंच दिसतं.

खड्डा बुजवायचाच

या एका बाबतीत आम्ही कडक आहोत. काढलेली माती परत खड्ड्यात, वर पायाने दाब, त्यावर पालापाचोळा. वीतभर खोल असला तरी बुजवायचा. उघड्या खड्ड्यात कांगारूचा पाय मोडतो, पावसाचं पाणी तिथून माती धुऊन नेतं, आणि वनखात्याच्या माणसाला असे पाच खड्डे दिसले तर तो भाग सगळ्यांसाठीच बंद करा अशी मागणी जोर धरते. कायद्यातही ही अट आहे. फक्त हाताची अवजारं वापरायची, झाडंझुडपं तोडायची नाहीत, मुळं उघडी पाडायची नाहीत. सापडलेले खिळे, डबे, शिसं परत मातीत टाकायचं नाही. सगळ्यांना एकेक पिशवी देतो, कचरा त्यातून आपल्याबरोबर शहरात येतो. सांगूनही खड्डे उघडे टाकणाऱ्याला आम्ही पुढच्या शिबिराला घेत नाही.

जपून राहण्याच्या गोष्टी

साप लोकांच्या डोक्यात असतो, पण आम्हाला जास्त काळजी जुन्या विहिरींसारख्या खाणींची. या जंगलात दीडशे वर्षांपूर्वीची उभी विवरं आहेत. काहींना कुंपण नाही, काहींच्या तोंडावर झुडूप वाढलेलं. मातीचा ढिगारा दिसला की शेजारी खड्डा असणारच असं धरून चाला. कडेला उभं राहून आत डोकावू नका, काठ ढासळतो. हेडफोन कानाला आणि नजर कॉइलवर असताना माणूस भरकटतो, म्हणून जोडीदारापासून हाकेच्या अंतरावर राहायचं. जंगलात मोबाइलला रेंज धरून चालू नका. आमच्याजवळ सॅटेलाइट फोन असतो आणि प्रत्येक जोडीला वॉकीटॉकी देतो.

इथला तपकिरी साप अतिशय विषारी असतो. लांब पँट, घोट्यापर्यंत बूट, ओंडका ओलांडताना पलीकडे आधी पाहणं एवढं पुरतं. चावलाच तर जखम धुवायची नाही, पूर्ण हातापायाला घट्ट दाबपट्टी बांधायची, माणसाला चालू द्यायचं नाही आणि ट्रिपल झीरोला (०००, इथला आपत्कालीन क्रमांक) फोन.

शेकोटी आम्हीच पेटवतो: तीस सेंटिमीटर खोल चरात, भोवती तीन मीटर जागा साफ करून. विझवायची पाण्याने, मातीने नाही, कारण मातीखाली निखारा धुमसत राहतो. आगबंदी जाहीर झालेल्या दिवशी शेकोटी अजिबात नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी आम्ही शिबिरंच घेत नाही.

सापडलेलं सोनं कोणाचं?

ज्याच्या हाताला लागलं त्याचं. आमचा वाटा नाही, सरकारचाही नाही. जोडीत शोधणाऱ्यांनी वाटणीचं आधीच ठरवून घ्या. दाण्याला गारगोटी चिकटलेली असेल तर घाईने फोडू नका. अखंड खडा हौशी संग्राहक सोन्याच्या भावापेक्षा जास्त देऊन घेतात. इथलं सोनं मुळातच शुद्ध, बरंचसं २३ कॅरेटच्या आसपास.

भारतात नेणार असाल तर एक लक्षात ठेवा. दागिन्यांसाठी असलेली जकातीची सवलत कच्च्या सोन्याला लागू होत नाही. मुंबईला उतरल्यावर ग्रीन चॅनेलने निघू नका. रेड चॅनेलला जाऊन जाहीर करा आणि शुल्क भरा.

आणखी एक, कारण हे बरेच जण विचारतात: शिकलेलं तंत्र गावी, गडावर वापरता येईल का? नाही. संरक्षित गडकिल्ल्यांवर डिटेक्टर घेऊन खणणं गुन्हा आहे. बाहेर कुठेही दहा रुपयांच्या वरचं गुप्तधन मिळालं तरी १८७८ च्या कायद्याने ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. रायगडच्या मातीतलं एक नाणं ज्या थरात आहे तिथेच अभ्यासकाला काही सांगतं, खिशात गेल्यावर ते मुकं होतं. कृपया तिकडे यंत्र नेऊ नका.

सोबत काय आणाल

तंबू, गाद्या, जेवण, पाणी आणि अवजारं आमच्याकडून. जेवण शाकाहारी असतं, शनिवारी रात्री शेकोटीवर ज्याला हवं त्याने आपलं भाजून घ्यावं. तुम्ही आणायचं ते झोपायची जाड पिशवी, टोपी, सनस्क्रीन, डोक्याला बांधायची बॅटरी आणि गरम कपडे. जून-जुलैत पहाटे तंबूवर हिव पडतं. मेलबर्नच्या थंडीवरून अंदाज बांधू नका. ऑगस्टमध्ये येणाऱ्यांना वॅटलची पिवळी झाडं भरभरून पाहायला मिळतात, तेव्हा कॅमेरा राहू देऊ नका.

पावसामुळे शिबिर रद्द होत नाही, ओली जमीन खणायला उलट सोपी जाते. वादळाचा किंवा आगीचा इशारा असेल तर आम्ही रद्द करतो आणि पूर्ण पैसे परत करतो. पेसमेकर बसवलेल्यांनी यंत्र हाती घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. चालू औषधं, अ‍ॅलर्जी आणि परवान्याचा क्रमांक नोंदणीच्या फॉर्ममध्ये भरून निघण्याच्या आदल्या बुधवारपर्यंत पाठवा.