भिशी बुडत का नाही? एका जुन्या प्रयोगाची पार्श्वभूमी

वडोदऱ्यातल्या मराठी घरांत, दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत, भिशी हा नेहमीचा व्यवहार. बाराजणी, दरमहा ठरलेली रक्कम, जिची चिठ्ठी निघेल तिला सगळे पैसे. पहिल्याच महिन्यात चिठ्ठी लागलेलीने पुढचे हप्ते थांबवले तर हिशेबाने तिचा फायदाच. तरी बहुतेकजणी शेवटपर्यंत भरतात. हा नुसता चांगुलपणा आहे, असे मला वाटत नाही.

१९५० मध्ये गणितज्ञ जॉन नॅशने समतोलाची कल्पना मांडली: इतरांनी चाल बदलली नाही, तर एकट्याने बदलून कोणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या रँड या संशोधन संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी ती माणसांवर तपासली. अर्थशास्त्रज्ञ आर्मेन आल्चियन आणि गणितज्ञ जॉन विल्यम्स यांना एकच डाव १०० वेळा खेळायला दिला. प्रत्येक डावात समोरच्याने काहीही केले तरी दगा देणेच किफायतशीर होते. म्हणजे सिद्धांतानुसार दोघांनी दरवेळी दगाच द्यायला हवा. प्रत्यक्षात ६० डावांत दोघांनीही सहकार्य केले.

नॅशचा आक्षेप मार्मिक होता. हे १०० सुटे डाव नाहीत, एकच लांबलचक डाव आहे, असे त्याचे म्हणणे. माझ्या मते भिशीचे मर्म इथेच आहे. उद्या पुन्हा त्याच माणसांत वावरायचे असेल, तर आजच्या दग्याची किंमत उद्या मोजावी लागते. वारंवार खेळल्या जाणाऱ्या डावांचे हे गणित पुढे रॉबर्ट ऑमन यांनी बांधले. त्यांना २००५ चे नोबेल मिळाले.

अर्थशास्त्रात अशा प्रयोगांची परंपरा मात्र हळूहळू रुजली. व्हर्नन स्मिथ १९५६ पासून वर्गातच विद्यार्थ्यांचा बाजार भरवून भाव कसे ठरतात ते पाहत होते. त्यांना नोबेल मिळायला २००२ उजाडले. १९८२ मध्ये वेर्नर ग्यूट आणि सहकाऱ्यांनी दाखवले की वाटणी फारच अन्यायाची वाटली, तर माणसे हातचे पैसेही नाकारतात. निव्वळ स्वार्थाच्या गृहीतकाला हा मोठाच धक्का होता.

भिशीवर थेट काम केले ते टिमथी बेस्ली, स्टीफन कोट आणि ग्लेन लाउरी यांनी, १९९३ मध्ये. सगळ्यांच्या गरजा सारख्या असतील तर बोलीच्या भिशीपेक्षा, म्हणजे जास्त बोली लावणारीला आधी पैसे देणाऱ्या भिशीपेक्षा, चिठ्ठीची भिशी सरस ठरते. गरजा वेगवेगळ्या असतील तर बोलीची भिशी वरचढ ठरू शकते, हा त्यांचा निष्कर्ष.